जपानी सेडानचा नायक कोण, स्कायलाइनचं एस-२० इंजिन की सनीचं ए-१२?

टॅपेटवाला
जुन्या जपानी गाड्यांवर गप्पा सुरू झाल्या की पाच मिनिटांत कुणीतरी 'हाकोसुका' म्हणतोच. १९६९ ची निसानची स्कायलाइन २००० जीटी-आर, चार दरवाज्यांची, दिसायला चौकोनी डबा (हाको म्हणजे डबाच) आणि बॉनेटखाली एस-२०, सहा सिलिंडर, २४ व्हॉल्व्ह, १९८९ सीसी, १६० हॉर्सपॉवर. भारी होतं, नाही कोण म्हणतंय. पण सगळं धरून ते किती गाड्यांत गेलं? तीन हजारसुद्धा नाही. तिच्यानंतरच्या १९७३ च्या, 'केनमेरी' म्हणतात त्या जीटी-आर तर फक्त १९७ बनल्या आणि खेळ खलास.

माझ्या मते खरा नायक सनीचं इंजिन. १९६६ च्या एप्रिलमध्ये निसानने सनी आणली, ९८८ सीसी. काही महिन्यांत टोयोटाने कोरोला आणली १०७७ सीसीची, आणि जाहिरातीत काय तर 'शंभर सीसी जास्त'. निसानला ते इतकं झोंबलं की १९७० च्या सनीत ७३ मिमीचा बोअर (सिलिंडरची रुंदी) तोच ठेवून स्ट्रोक (पिस्टनची धाव) ५९ चा ७० केला, क्रँकला तीनाऐवजी पाच बेअरिंग दिली, झालं ११७१ सीसी, आणि जाहिरातीत 'शेजाऱ्याची गाडी लहान दिसते' असं सुनावलं. तेच ए-१२. साधं पुशरॉड (कॅम खाली, व्हॉल्व्ह दांड्यांनी उघडणारे), शेजाऱ्याशेजाऱ्यांच्या भांडणातून आलेलं, आणि पुढे आपल्या कुर्ल्याच्या प्रीमियरने ११८ एनई या गाडीत घातलं ते हेच. आता बोला.

डबाप्रेमी
शंभर टक्के असहमत. संख्येवर मोठेपणा मोजायचा तर मग स्टोव्हची पिनसुद्धा ग्रेट.

स्कायलाइन निसानची नव्हतीच मुळात, प्रिन्सची होती, जी पुढे निसानमध्ये विलीन झाली. युद्धानंतर विमानं बनवायला बंदी आली आणि ताचिकावा, नाकाजिमा या विमान कारखान्यांतले इंजिनिअर रिकामे झाले, त्यातून उभी राहिलेली ती कंपनी. १९६४ च्या सुझुकाच्या ग्रां प्रीसाठी या लोकांनी काय केलं माहितीये का, चार सिलिंडरच्या स्कायलाइनचं नाक २०० मिमी लांब कापून-जोडून ग्लोरियाचं सहा सिलिंडरचं इंजिन आत बसवलं!! समोर पोर्शे ९०४, ती खास रेसची गाडी. स्कायलाइनच्या ड्रायव्हरने, इकुझावाने, त्या पोर्शेला ओव्हरटेक केलं आणि एक लॅप का होईना, घरगुती सेडान पोर्शेच्या पुढे होती. शेवटी पोर्शे जिंकली, पण दोन ते सहा सगळे नंबर स्कायलाइनचे. मग आर-३८० ही रेसची गाडी बनवली आणि १९६६ ला ग्रां प्री जिंकली. त्याच गाडीच्या इंजिनावरून एस-२० आलं आणि हाकोसुकाने तीन वर्षांच्या आत पन्नास शर्यती मारल्या. हे सगळं सोडून तुम्हाला किराणा आणायच्या गाडीचं इंजिन नायक वाटतं?

टॅपेटवाला
विमानवाल्यांचंच म्हणत असाल तर कोरोलाचे मुख्य इंजिनिअर तात्सुओ हासेगावा पण ताचिकावातलेच बरं का. म्हणजे विमानातून उतरलेला माणूस किराण्याची गाडी बनवण्यात कमीपणा मानत नव्हता, कमीपणा आपण मानतो.

आणि पुशरॉडला हलकं समजू नका, जपानच्या टीएस (रस्त्यावरच्या गाड्या सुधारून पळवायच्या) रेसिंगमध्ये हेच ए-१२ बोअर वाढवून नऊ-दहा हजार आरपीएमपर्यंत पळवायचे लोक.

सफारीसूट
तुम्ही दोघं जपानच्या बाहेर पडा जरा. हाकोसुका जीटी-आर परदेशात विकलीच नाही, मग जगाने जपानी सेडान बघितली ती कुठली? डॅटसन ५१०, जपानात ब्लूबर्ड, १९६७. एल-१६ इंजिन, १५९५ सीसी, कॅम वर हेडमध्ये, पुशरॉडची भानगडच नाही, आणि मागची चाकं इंडिपेंडंट सस्पेन्शनवर, जे त्या काळी बीएमडब्ल्यूवाले भाव खाऊन विकायचे. अमेरिकेत निसानचे काटायामा हात धुवून मागे लागले होते की तिथल्या हायवेला पुरेल असं इंजिन द्या. किंमत दोन हजार डॉलरच्या आत.

त्याआधी टोयोटाने काय केलं होतं ते पण आठवा, १९५७-५८ मध्ये क्राउन अमेरिकेला पाठवली, १४५३ सीसीचं आर इंजिन. टोकियोत टॅक्सी म्हणून सोन्यासारखी गाडी, पण तिथल्या हायवेवर दम लागायचा तिला, गुपचूप माघार घ्यावी लागली. दहा वर्षांनी ५१० आली, १९७० ला पूर्व आफ्रिकेतली सफारी रॅली जिंकली आणि १९७१, ७२ ला अमेरिकेतल्या ट्रान्स-अॅम शर्यतींत अडीच लिटरपर्यंतच्या वर्गात युरोपियनांना धुतलं. माझं मत एल-१६.

मस्कत रिटर्न
सफारीवरून आठवलं, जोगिंदर सिंग! केनियातले सरदारजी. १९७४ आणि १९७६, दोन्ही वेळा मित्सुबिशी लान्सर १६०० जीएसआर घेऊन जिंकले. आमचे मामा मस्कतला होते, त्यांना टोयोटा क्रेसिडाशिवाय गाडी माहीत नव्हती पण जोगिंदर सिंग माहीत होते. बाकी चालू द्या.

डबाप्रेमी
@सफारीसूट, ५१० वर भांडण नाही, पण एस-२० मेलं ते कमजोर होतं म्हणून नाही. धुराचे नियम आले. तीन जोडकार्बोरेटरवालं इंजिन त्यात कुठे बसणार.

तिसरा व्हॉल्व्ह
हां, आता आलात मुद्द्यावर. ज्या धुराने एस-२० ला घालवलं तोच धूर होंडाने परीक्षेचा पेपर समजून सोडवला. अमेरिकेत १९७० ला कायदा झाला की गाड्यांचं प्रदूषण एकदम खाली आणा. मोठमोठ्या कंपन्या होणारच नाही म्हणत होत्या. होंडाने सीव्हीसीसी नावाचं इंजिन काढलं आणि सिव्हिकमध्ये घातलं. स्पार्क प्लगजवळ एक छोटी खोली, तिला स्वतःचा चिमुकला तिसरा व्हॉल्व्ह. त्या खोलीत पेट्रोल जास्त असलेलं मिश्रण, मोठ्या खोलीत एकदम पातळ. ठिणगी लहान खोलीत पडते, ज्योत तिथून मोठीत जाते आणि पातळ मिश्रणही सावकाश, पूर्ण जळतं. चुलीत आधी काटक्या पेटवून मग ओंडका घालतो ना, तसं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर न लावता पास.

सफारीसूट
पण सिव्हिक सेडान कुठे होती? हॅचबॅक ती. धागा सेडानचा आहे.

तिसरा व्हॉल्व्ह
१९७२ च्या जुलैमध्ये आली ती पहिली सिव्हिक दोन दरवाज्यांची, मागे वेगळी डिकी असलेली होती. हॅचबॅक नंतर आली. आणि १९७७ ची अकॉर्ड सेडान धरा हवं तर, तिच्यातही सीव्हीसीसीच.

लेथवरचा
बरेच दिवस नुसता वाचत होतो, आता राहवत नाही. आमच्या काकांचं कोल्हापुरात गॅरेज होतं, ११८ एनईची इंजिनं मी स्वतः उतरवलीयेत. टॅपेटवाले दादा, इंजिनाबद्दल तुमचं बरोबर, गुणी इंजिन. साधा पाना-पक्कड असलेला माणूसही हेड काढून परत बसवू शकतो. गिअरबॉक्सही निसानचाच, दांडा खाली फ्लोअरवर, पद्मिनीसारखा स्टिअरिंगला नाही. पण ते आपल्याकडे आलं यात कसला अभिमान? जपानात १९७० ला आलेलं इंजिन आपण १९८५ ला नवीन म्हणून घेतलं, तेसुद्धा १९६६ च्या फियाट १२४ च्या बॉडीत.

मला या सगळ्यात वेगळीच गोष्ट खुपते. निसान १९५० च्या दशकात ऑस्टिनच्या गाड्या लायसन्सवर जोडत होती. हिनो रेनॉची ४सीव्ही जोडायची. इसुझु ब्रिटिश हिलमन जोडायची. अगदी त्याच काळात आपण मॉरिस आणि फियाट जोडत होतो. म्हणजे सगळे एकाच बाकावर. फरक इतकाच की निसानने १९६६ ला स्वतःची सनी काढली, इसुझुने १९६३ ला स्वतःची बेलेट काढली, आणि आपण अँबॅसॅडरची जाळी बदलत बसलो. शेवटी नव्वदच्या दशकात त्या अँबॅसॅडरमध्ये इंजिन बसवलं ते कुणाचं? इसुझुचं, १.८ लिटर. कॉन्टेसात तर ते आधीच होतं. बाकावरच्या शेजाऱ्याकडे वही मागायची वेळ आली.

टॅपेटवाला
लागलं हे. पण काका, सॉरी दादा, यातून माझाच मुद्दा पक्का होतो ना? पंधरा वर्षांनी दुसऱ्या देशात जाऊन नवं म्हणून खपलं आणि चाललं. जपानात सनीचा छोटा पिकअप १९९४ पर्यंत ए-१२ वरच होता, दक्षिण आफ्रिकेत त्याचाच मोठा भाऊ ए-१४ घातलेला पिकअप २००८ पर्यंत बनत होता. एस-२० पंधरा वर्षांनी कुठे होतं, काचेच्या खोलीत.

लेथवरचा
पक्का होतो की नाही ते तुमचं तुम्ही बघा. आपलं मार्केट नियमांनी बांधलेलं होतं, पर्याय नव्हता, म्हणून चाललं असंही म्हणता येतं. गिऱ्हाईकाला दोनच गाड्यांतून निवडायचं असेल तर जी मिळेल ती चांगलीच वाटते.

डबाप्रेमी
लेथवाल्या दादांना +१. आणि टॅपेटवाले, काचेच्या खोलीत ठेवायला तरी ठेवलं लोकांनी, सनीची किती इंजिनं भंगारात गेली ते पण सांगा.

लेथवरचा
भंगारात गेली खरी. आमच्याकडे एक अजून आहे, गॅरेजच्या मागच्या खोलीत गोणपाटाखाली. पिस्टन मोकळे आहेत, दिवाळीला क्रँक हाताने फिरवून ठेवतो.

डबाप्रेमी
देणार का? सिरियसली विचारतोय.

टॅपेटवाला
अरे!! आत्ता किराण्याचं इंजिन म्हणत होतास ना??

लेथवरचा
नाही देणार.