स्टीव्ह हॅरिसच्या बासची ती कडकड येते कुठून?

प्रश्न: आयर्न मेडन या हेवी मेटल बँडमध्ये गिटारांच्या गर्दीतही बासवादक हॅरिसचा बास स्वच्छ ऐकू येतो. माझ्या प्रिसिजनवर (फेंडरचा बास गिटार) तसं होत नाही. तारा बदलू की अ‍ॅम्प? आणि अल्बमचा निर्माता म्हणून तो कधीपासून?

प्रतिसाद १: आधी तारा. तो रोटोसाउंड कंपनीच्या फ्लॅटवाउंड (चपट्या वेढ्याच्या, गुळगुळीत तारा) वापरतो, जाडी ०.०५० ते ०.११० इंच. या तारा जुन्या झाल्या की आवाज बोदा होतो. अ‍ॅक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) खाली घ्या. तार फ्रेटवर आपटते तीच ती कडकड. पिक नको, तर्जनी-मध्यमा आलटून पालटून. घोडदौडीच्या ठेक्यात एक आठवा, दोन सोळावे (स्वर; सोळावा आठव्याच्या निम्म्या लांबीचा). मनगट आखडलं की शेवटचा सोळावा गळतो, म्हणून संथ लयीत सुरू करा.

प्रतिसाद २: जाड तारांनी बासची मान पुढे वाकते आणि अ‍ॅक्शन उलट वर जाते. ट्रस रॉड (मानेतली वाक सुधारणारी सळई) पाव फेरा घट्ट करा, तपासा, मगच ब्रिजला (तारा टेकतात तो खालचा भाग) हात लावा.

प्रतिसाद ३: निर्मितीचं: मेडनचा अल्बम 'फिअर ऑफ द डार्क' (१९९२) निर्माता मार्टिन बर्चसोबत, हॅरिसच्याच एसेक्समधल्या बार्नयार्ड स्टुडिओत. 'द एक्स फॅक्टर' (१९९५) नायजेल ग्रीनसोबत. त्या अल्बममधला कोरडा, उघडा बास मला फार आवडतो. २००० पासून निर्माता केव्हिन शर्लीचा सहनिर्माता.