बस दिसली का?

परवा आवरताना कपाटाच्या तळाशी चप्पल सापडली. एकच, डाव्या पायाची. हिची जोडीदारीण ४ जुलै २०२४च्या संध्याकाळी मरीन ड्राइव्हवर गेली ती गेलीच. टाकवत नाही. तर क्रिकेटचा टी-२० विश्वचषक घेऊन रोहित आणि मंडळी परत आली तेव्हा तुमच्यापैकी कोण कोण होतं तिथे? खरं काय दिसलं ते लिहा, टीव्हीवरचं नको. जुनी स्वागतंही चालतील.

माझ्यापासून सुरुवात. बार्बाडोसची फायनल २९ जूनला, ७ धावांनी जिंकलो, मग बेरिल चक्रीवादळामुळे टीम तिथेच अडकली. ४ तारखेला सकाळी दिल्ली, पंतप्रधानांकडे नाश्ता आणि मग मुंबई. उघड्या बसमधून मिरवणूक, संध्याकाळी ५ची सांगितलेली. मैत्रीण आणि मी हाफ डे टाकून ३ला चर्चगेटला उतरलो. स्टेशनाबाहेर पडायलाच पाऊण तास गेला. बस हलली तेव्हा साडेसात वाजत आले होते. मला दिसला वरचा कठडा, एक हात आणि त्यात काहीतरी चकाकणारं. कप असावा. मोबाइलही असेल. तेवढ्यात मागून रेटा आला, मी पुढे गेले, चप्पल मागे राहिली. गर्दीत वाकायचं नसतं, एवढं लोकलने शिकवलंय.

गिरगावकर
आम्हाला गर्दीचं कौतुक नाही, दरवर्षी विसर्जन बघतो. पण विसर्जनाच्या गर्दीला दिशा असते, सगळे चौपाटीकडे. त्या दिवशी अर्धे बसकडे, अर्धे वानखेडेकडे आणि उरलेले कंटाळून घरी निघालेले. तिन्ही एकमेकांच्या अंगावर. माझ्या पुढे एक मुलगी घाबरून रडायला लागली, तिला चौघांनी उचलून दुभाजकावर बसवलं. मग ती अॅम्ब्युलन्स. तुम्ही व्हिडिओत पाहिली असेल, मी दहा फुटांवर होतो. जिथे सुई शिरली नसती तिथून अख्खी गाडी गेली आणि तिच्यामागे गर्दी पाण्यासारखी परत मिटली. बस मला दिसली नाही. दिसली असती तरी हेच सांगितलं असतं.

नॉर्थ स्टँड
मी आत होतो. वानखेडेला फुकट प्रवेश, आधी येईल त्याला जागा. दुपारचा पाऊस अंगावर घेतला, एकदा बसलो ते उठलोच नाही (कोणत्याही कारणासाठी, समजून घ्या).

एक कबुली द्यायची आहे. त्याच वर्षी आयपीएलमध्ये ह्याच मैदानात मी हार्दिक पांड्याची हुर्यो उडवली होती. रोहितला काढून त्याला मुंबई इंडियन्सचा कप्तान केला म्हणून. ४ जुलैला तो आला आणि सगळं स्टेडियम ‘हार्दिक, हार्दिक’. मीही. फायनलच्या शेवटच्या षटकात १६ धावा अडवायला तोच उभा होता ना! घसा बसला माझा. शेजारच्या काकांनी विचारलं, “आयपीएलला आला होतास का रे?” मी म्हटलं, “छे, तिकिटं कुठे मिळतात?”

मुलुंडचा
बस गुजरात पासिंगची होती, त्यावर कुणीच बोलत नाही का?

धागाकर्ती
त्यावर वेगळा धागा काढा, प्लीज. तिथे मीही भांडायला येते.

माहीम २००७
आमची मिरवणूक २६ सप्टेंबर २००७ची. आदल्याच दिवशी अनंत चतुर्दशी, म्हणजे पहाटेपर्यंत जागरण, कानात ढोल, नखांत गुलाल. पहिला टी-२० विश्वचषक जिंकून आलेली धोनीची टीम विमानतळावरून थेट वानखेडेपर्यंत उघड्या बसने निघाली, वर पाऊस. पाच तासांच्या वर लागले. त्यामुळे माहीमला आम्हाला बस दिसली आणि भरपूर दिसली. जवळजवळ उभीच होती! आम्ही धोनी आणि युवराजच्या नावाने ओरडत होतो. २० वर्षांचा रोहितही त्याच बसवर होता. बोरिवलीचा पोरगा, पण लक्ष कुणाचं होतं? मी त्याला पाहिलं की नाही हे आज शपथेवर सांगता येत नाही. संध्याकाळी टीव्ही लावला, तर व्यासपीठावर पुढच्या रांगेत पुढारी आणि खेळाडू मागे. बाबांनी टीव्ही बंद केला.

परळ
हे माझ्या वडिलांचं, वय ७२. ऑगस्ट १९७१, ओव्हल. इंग्लंडमध्ये आपण पहिल्यांदाच कसोटी मालिका जिंकलो. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती आणि तिकडे आपल्या लोकांनी प्राणिसंग्रहालयातली बेला नावाची हत्तीण मैदानात आणली होती. हे त्यांना नंतर कळलं, पण सांगताना हत्तीण आधी येते.

टीम परत आली तेव्हा मित्रांबरोबर सांताक्रूझ विमानतळावर गेले. मी म्हटलं, कप्तान वाडेकर तर शिवाजी पार्कातले, स्टेट बँकेत नोकरीला. त्यांना बघायला विमानतळ कशाला? म्हणाले, “रोजचे वाडेकर वेगळे आणि गळ्यात हार असलेले वेगळे.” दिसले का? “हार दिसले.”

विरार स्लो
मी गेलोच नाही. दुसऱ्या दिवशी विधान भवनातला सत्कार ऑफिसात चोरून पाहिला. सूर्या म्हणाला फायनलमधला तो झेल हातात बसला, आणि रोहितने मराठीत सांगितलं की नसता बसला तर ह्याला बसवला असता. माझ्यापुरती मिरवणूक तिथे झाली.

सूनबाई
माझे सासरे सफाई खात्यात आहेत. गर्दी पांगल्यावर रात्री त्यांची माणसं मरीन ड्राइव्हवर उतरली. बाटल्या, कागद वगैरे नेहमीचंच, पण चपला-बुटांचे ढीग त्यांनी नोकरीत पहिल्यांदा पाहिले. सकाळी फिरायला येणाऱ्यांना रस्ता लख्ख मिळाला. बस त्यांनाही दिसली नाही, हे सांगायला नकोच.

धागाकर्ती
सूनबाई, काळी, पितळी बकलाची, उजवी. विचारून बघाल?

सूनबाई
विचारलं. हसले. म्हणाले, “आता डावीपण देऊन टाक म्हणावं.”