मदत हवी: ‘गो ऑफ’ म्हणजे सुरू होणं की बंद पडणं?

दारव्ह्याकडे दहावीच्या पोरांची शिकवणी घेतो. उताऱ्यात ‘द अलार्म वेंट ऑफ ॲट फाइव्ह’ आलं. पोरांनी लिहिलं, अलार्म बंद झाला. पण पुढच्याच ओळीत मुलगा दचकून उठतो. ‘द लाइट्स वेंट ऑफ’ म्हणजे तर लाइन गेली. ओळखायचं कसं? ‘ही वेंट ऑफ द अलार्म’ चालेल का?

पऱ्हाटी: सर, आधी कर्ता पाहायला लावा. वाजणारी किंवा फुटणारी वस्तू असली, म्हणजे अलार्म, बंदूक, सुतळी बॉम्ब, तर अचानक वाजणं, उडणं. शेताच्या कुंपणात करंट सोडणाऱ्या झटका मशीनचा सायरन रात्री दोनला वाजला, तर ‘द सायरन वेंट ऑफ ॲट टू’. लाइट, हीटर अशी एकसारखी चालणारी वस्तू असली तर बंद पडणं. लाइन परत आली की ‘द लाइट्स केम ऑन’.

तुमचं ‘ही वेंट ऑफ द अलार्म’ हे वाक्य चूक आहे. या अर्थांत गो ऑफला कर्म नसतं, म्हणून ‘वॉज गॉन ऑफ’ असा कर्मणीही होत नाही. कोणामुळे वाजला ते सांगायचं तर सेट ऑफ: रानडुकरामुळे सायरन वाजला, ‘द बोअर सेट ऑफ द सायरन’. बंद केला तर टर्न ऑफ. पोरं टर्न ऑफ आधी शिकतात, मग ऑफ दिसलं की बंद लिहून मोकळी होतात. दोन्ही एकाच दिवशी शेजारी लिहून शिकवा.

वर्धाकाठची ताई: भाऊंच्या नियमाला एक जोड. ‘शी वेंट ऑफ टी’, तिचं चहावरून मन उडालं. इथं ऑफनंतर नाम येतं, पण ‘वेंट टी ऑफ’ कधीच नाही. सेट ऑफमध्ये मात्र ‘सेट द सायरन ऑफ’ चालतं, आणि सर्वनाम असलं तर मधेच हवं: ‘सेट इट ऑफ’. मार्क इथंच जातात.

दुधाचंही सांगा. ‘द मिल्क हॅज गॉन ऑफ’ म्हणजे खराब झालं, वास मारतं. हा ब्रिटिश वापर. अमेरिकेत गो बॅड. तापवताना फाटलं तर कर्डल.

धागाकर्ता: धन्यवाद ताई, भाऊ. विहिरीवरची मोटार बंद पडली, त्याला?

पऱ्हाटी: तिथं गो ऑफ नको. नुसती थांबली तर स्टॉप, चालता चालता एकदम बंद पडली तर कट आउट. लोड येऊन स्टार्टर पडला तर आपण म्हणतो तेच, ‘द स्टार्टर ट्रिप्ड’.