मुंबईच्या पावसाळ्यात कॉफीच्या बिया ताज्या कशा ठेवाव्यात?

प्रश्न (दादरकर):
माटुंग्याहून चिकमगळूरच्या भाजलेल्या बिया अर्धा किलो आणतो. परंतु पावसाळ्यात त्यांचा सुगंध लवकर उतरतो. बिया घेताना काय पाहावे, आणि त्या फ्रिजमध्ये ठेवाव्यात का?

उत्तर (फिल्टरप्रेमी):
पाकिटावरील मुदतीपेक्षा भाजल्याची तारीख पाहावी. भाजल्यानंतर काही दिवस बियांतून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत राहतो, म्हणूनच चांगल्या पाकिटाला एकतर्फी झडप असते, जी हा वायू बाहेर सोडते पण बाहेरची हवा आत येऊ देत नाही. गडद भाजलेल्या बियांवर तेल सुटते आणि त्या तुलनेने लवकर खवट होतात. त्यामुळे आपल्या हवेत मध्यम भाजणी मला अधिक योग्य वाटते. पंधरवड्यापुरत्याच बिया घ्याव्यात.

उत्तर (गिरगावकर):
फ्रिज कटाक्षाने टाळावा. थंड डबा उघडताच दमट हवेतले बाष्प बियांवर साचते, शिवाय बिया शेजारच्या लसूण-मासळीचा वास ओढून घेतात. घट्ट झाकणाचा अपारदर्शक डबा शेगडीपासून दूर ठेवावा. ‘मान्सून्ड मलबार’ कॉफी मुद्दाम मोसमी वाऱ्यांत ठेवतात हे खरे, परंतु ती कच्ची बी असते. भाजलेल्या बीला तोच ओलावा घातक ठरतो.

उत्तर (ठाकुर्लीची सुगरण):
अधिक काळ साठवायच्याच असतील, तर लहान हवाबंद पुड्या करून फ्रीझरमध्ये ठेवाव्यात आणि पुडी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावी. बिया मात्र ऐन वेळीच दळाव्यात, कारण पूड झाल्यावर हवेशी संपर्क येणारा पृष्ठभाग कैक पटींनी वाढतो.