मदत हवी आहे: डीएसएलआरच्या तोडीचा छोटा कॅमेरा कोणता घ्यावा? (जरा लवकर सांगा)

ओसरी | सोमवार, रात्री 10.12

नमस्कार मंडळी. डीएसएलआर आता नको झालाय. तसेच फोटो देईल असा छोटा, खिशात मावणारा कॅमेरा हवा आहे, सिरियस फोटोग्राफीसाठी. रविवारच्या आत घ्यायचाच आहे. दोन आठवडे रोज रात्री रिव्ह्यू बघतेय आणि रोज सकाळी मत बदलतंय. परवा सोनी आरएक्स100 मार्क 7 नक्की केला होता, काल रिको जीआर 3, आज फुजीफिल्म एक्स100 व्हीआय. कृपया लिंका देऊ नका, सगळ्या वाचून झाल्यात. एकच नाव सांगा आणि तोच का ते सांगा.

काळापांढरा | सोमवार, रात्री 10.20

रिको जीआर 3. बॅटरी आणि कार्ड धरून 257 ग्रॅम, आणि आत एपीएस-सी आकाराचा सेन्सर (फोटो टिपणारी चिप), म्हणजे बहुतेक डीएसएलआरमध्ये असतो तेवढाच. शर्टाच्या खिशात जातो. माझ्याकडे चार वर्षं आहे, घराबाहेर पडताना किल्लीबरोबर उचलतो. स्नॅप फोकस (आधीच ठरवलेल्या अंतरावर लागणारा फोकस) एकदा वापरून बघा, मग दुसरा कॅमेरा हातात धरवणार नाही.

रानवाट | सोमवार, रात्री 10.41

झूमच नसलेला कॅमेरा पहिल्याच प्रतिसादात? कमाल आहे. 28 मिमीच्या रुंद दृश्यातच अडकून बसायचं? आरएक्स100 मार्क 7 घ्या. 24 (रुंद) ते 200 मिमी (लांबचं जवळ), डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर आहे, ऑटोफोकस समोरच्याच्या डोळ्याला चिकटून राहतो, 302 ग्रॅम. मी दोन महिन्यांच्या भटकंतीत फक्त हाच नेला होता, एकदाही लेन्सची उणीव भासली नाही.

चौकट | सोमवार, रात्री 11.05

ओसरी, थोडं थांबा. कशाचे फोटो काढता ते लिहिलंच नाहीत. आणि डीएसएलआर नको झाला म्हणजे नक्की काय नको झालं? वजन, आकार, आवाज की लेन्स बदलत बसणं? सध्या कोणती लेन्स वापरता? फोटो मोबाइलवर बघता की प्रिंट काढता? एवढं कळल्याशिवाय नाव सांगणं म्हणजे पेशंट न बघता औषध देणं.

ओसरी | सोमवार, रात्री 11.16

माणसांचे काढते. क्रॉप सेन्सरचा (एपीएस-सी) डीएसएलआर, 18-55 झूम आणि 50 एफ/1.8 लेन्स. प्रिंट काढते, ए3 पर्यंत. रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) मध्येच शूट करते. बाकी काय सांगू? तिन्हींपैकी कोणता, एवढंच सांगा ना.

मुक्कामपोस्ट | मंगळवार, सकाळी 7.30

माझं ऐकाल तर काहीच घेऊ नका. चांगला फोन आणि त्यातलं रॉ, बस्स. कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांचे दिवस गेले.

काळापांढरा | मंगळवार, सकाळी 8.02

ए3 प्रिंट काढणाऱ्याला फोन सुचवताय? फोन चांगला दिसतो तो पाच-दहा फ्रेम एकावर एक रचून. समोरचं हललं की रचणं फसतं आणि कातडी मेणासारखी होते. प्रिंटमध्ये ते लगेच कळतं.

आणि रानवाट, आरएक्स100 ला "1 इंच सेन्सर" म्हणतात त्यात 1 इंच काहीही नाही. ते नाव जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांच्या नळ्यांच्या बाहेरच्या व्यासावरून आलंय. प्रत्यक्ष सेन्सर 13.2 बाय 8.8 मिमी. एपीएस-सी साधारण 23.5 बाय 15.6. क्षेत्रफळ तिपटीहून जास्त! अंधारात हा फरक लपत नाही.

रानवाट | मंगळवार, सकाळी 8.25

कागदावरचा फरक आहे तो. आजकालचे नॉइज (अंधारातल्या फोटोतले दाणे) काढणारे सॉफ्टवेअर वापरलेत का कधी? आयएसओ 3200 चे (म्हणजे कमी उजेडात सेन्सरची संवेदनशीलता वाढवून काढलेले) ए3 प्रिंट माझ्या भिंतीवर आहेत, पाहुण्यांना सांगावं लागतं की छोट्या कॅमेऱ्याचे आहेत. आणि फ्रेमच मिळाली नाही तर मोठा सेन्सर काय करणार? 28 मिमीने चेहरा काढायचा तर समोरच्याच्या नाकापर्यंत जावं लागतं.

काळापांढरा | मंगळवार, सकाळी 8.31

त्यासाठी जीआर 3एक्स आहे, 40 मिमीवाला. 2021 पासून मिळतोय.

उन्हाळपक्षी | मंगळवार, सकाळी 10.10

छान चर्चा. मला पण मदत हवी आहे. मुलाला पक्ष्यांचे फोटो काढायचा नाद लागलाय, तर यातला कोणता चालेल? 200 मिमी पुरेल का?

रानवाट | मंगळवार, सकाळी 10.22

पक्ष्यांसाठी 200 कमी पडतं. झाडावरच्या छोट्या पक्ष्याला 400 च्या पुढेच जावं लागतं. सोनी आरएक्स10 मार्क 4 बघा, 600 मिमीपर्यंत जातो, सेन्सर तोच 1 इंची. पण वजन किलोच्या वर आहे, मुलाचं वय काय?

चौकट | मंगळवार, सकाळी 10.40

उन्हाळपक्षी, वेगळा धागा काढा, तिथे नीट लिहितो. इथे ओसरींचं राहून जाईल.

ओसरी, माणसांचे म्हणजे कुठले? रस्त्यावरचे? समारंभातले? बसवून काढलेले पोर्ट्रेट? उजेड कुठला असतो?

ओसरी | मंगळवार, रात्री 9.50

बरं, सविस्तर लिहिते. मी हातांनी काम करणाऱ्या माणसांचे फोटो काढते. सुतार, शिंपी, घड्याळं दुरुस्त करणारे, बुकबाइंडिंग करणारे. दीड वर्ष चाललंय. त्यांच्या जागेत, त्यांच्या उजेडात. बहुतेक ठिकाणी एक खिडकी आणि एक ट्यूबलाइट. फ्लॅश मी वापरत नाही.

डीएसएलआर का नको, तर गेल्या महिन्यातलं सांगते. सुतारकाका रंधा मारत होते. फळी दोन गुडघ्यांमध्ये धरलेली, भुशाची कुरळी साल रंध्याच्या तोंडातून वर येत होती, जीभ दातांत धरलेली. मी बटण दाबलं, कॅमेऱ्यातल्या आरशाचा खटका झाला, आणि त्यांनी रंधा खाली ठेवला, केस सारखे केले आणि हसून कॅमेऱ्याकडे बघत उभे राहिले. मग अर्धा तास ते काम करत होते ते माझ्यासाठी. मला ते नकोय. मला ती दातांतली जीभ हवी आहे.

रविवारची घाई एवढ्यासाठी की त्यांचं दुकान महिनाअखेर बंद होतंय.

चौकट | मंगळवार, रात्री 10.15

हे पहिल्यांदाच लिहायला हवं होतंत. आता बोलता येईल.

आवाजाच्या बाबतीत तिन्ही कॅमेरे पास. तिन्हींमध्ये लीफ शटर आहे, लेन्सच्या आतच उघडमिट होते, आरसा नाही. एक हात लांबवर जेमतेम "टिक" ऐकू येतं. मात्र त्याहून शांत म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावू नका. ट्यूबलाइटखाली फोटोवर आडवे पट्टे येतात, कारण सेन्सर ओळीओळीने वाचला जातो आणि तेवढ्यात दिवा लुकलुकतो. शिवाय जोरात हलणारा हात तिरका येतो. मेकॅनिकल शटरवरच ठेवा.

मुक्कामपोस्ट | मंगळवार, रात्री 10.31

एक्स100 व्हीआय मध्ये 6 स्टॉपचं स्टॅबिलायझेशन आहे. अंधाराचा प्रश्नच मिटला, 1/4 सेकंदाला हातात धरून काढा.

चौकट | मंगळवार, रात्री 10.44

स्टॅबिलायझेशन फोटो काढणाऱ्याचा हात सावरतं, सुताराचा नाही. चालता रंधा गोठवायचा तर 1/250 तरी हवं. तिथे उपयोगी पडतो तो अ‍ॅपर्चर. म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडतं ते; एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त. एक्स100 चा एफ/2, जीआरचा एफ/2.8, म्हणजे एका स्टॉपचा, दुप्पट उजेडाचा फरक. एकाला आयएसओ 3200 पुरला तर दुसऱ्याला 6400. आरएक्स100 चा एफ/2.8 फक्त 24 मिमीला, झूम थोडा पुढे नेला की तोही राहत नाही.

काळापांढरा | बुधवार, सकाळी 7.50

मान्य, पण आकाराचं काय? 521 ग्रॅमचा एक्स100 व्हीआय कुठल्या खिशात मावतो? जीआर तळहातात लपतो, समोरच्याला कॅमेरा आहे हेच कळत नाही. स्नॅप 2 मीटरवर ठेवा. एफ/2.8 लाही दीड मीटरपासून जवळजवळ 3 मीटरपर्यंत सगळं शार्प मिळतं. दुकानात यापेक्षा लांब जातंय कोण? ऑटोफोकसची वाटच बघायची नाही. ओसरी, कुणाचा तरी जीआर हातात घेऊन बघाच.

ओसरी | बुधवार, रात्री 9.20

घेतला. मैत्रिणीच्या भावाकडे आहे, आज संध्याकाळी जाऊन तासभर वापरला. फोटो सुंदर येतात, याबद्दल वाद नाही. पण मला स्क्रीनवर काही दिसेचना. चाळिशी लागलीय. चष्मा लावला तर स्क्रीन दिसते आणि समोरचा माणूस धूसर, काढला तर माणूस दिसतो आणि स्क्रीन धूसर. डीएसएलआर डोळ्याला लावते त्यामुळे हा प्रश्न कधी आलाच नव्हता, म्हणून लिहायचं सुचलं नाही.

काळापांढरा | बुधवार, रात्री 9.34

अरेरे. ही फार महत्त्वाची गोष्ट राहिली. तरी एक उपाय आहे, हॉट शूवर (फ्लॅश लावायच्या खाचेत) बसणारा ऑप्टिकल फाइंडर मिळतो. स्नॅप फोकस लावला की स्क्रीन बघायची गरजच नाही.

चौकट | बुधवार, रात्री 9.58

त्यात फोकस लागला की नाही कळत नाही, एक्स्पोजर दिसत नाही आणि जवळून काढताना कडा चुकतात. खिडकीच्या उजेडात अर्धा चेहरा जळलाय (पांढरा पडलाय) हे घरी जाऊन कळणार. काळापांढरा, तुमच्या हाताला सवय आहे म्हणून जमतं.

ओसरी, तुम्हाला अंगचा व्ह्यूफाइंडर हवा आणि त्याला डायऑप्टरची (नजरेचा नंबर जुळवायची) चकती हवी. व्ह्यूफाइंडरमधलं चित्र आतल्या भिंगामुळे डोळ्याला लांबचं असल्यासारखं दिसतं, त्यामुळे चाळिशी आड येत नाही. चकती फिरवून आतले आकडे स्पष्ट करा. आता जीआर यादीतून गेला. उरले एक्स100 व्हीआय आणि आरएक्स100 मार्क 7. झूम हवाच असेल तर कॅननचा जी5एक्स मार्क 2 सुद्धा, 24 ते 120, एफ/1.8 ते 2.8, व्ह्यूफाइंडर वर येतो.

प्रश्न एकच उरला, झूम लागतो का? तो आम्हाला विचारू नका, तुमच्या फोटोंना विचारा. वर्षभरात प्रिंट काढण्याइतके आवडलेले फोटो एका फोल्डरमध्ये घ्या आणि फोकल लेंग्थप्रमाणे फिल्टर लावा. 23 च्या आसपास गर्दी दिसली तर तुमची लेन्स 35 मिमीची आहे (क्रॉप सेन्सरवरचं 23 म्हणजे साधारण 35, आणि एक्स100 व्हीआयची झूम नसलेली लेन्स तेवढीच). मग 18-55 ची रिंग 23 वर ठेवून त्यावर चिकटपट्टी लावा आणि तशीच एक दिवस कामाला जा.

रानवाट | बुधवार, रात्री 10.20

हे चांगलं सुचवलंत. मी माझेही बघितले आत्ता. 24 आणि 200, मधलं जवळपास काही नाही! तरी मी झूमवरच ठाम आहे, माझं काम वेगळं आहे.

जुनीखोली | गुरुवार, दुपारी 1.05

भुसा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. माझ्याकडे एक छोटा कॅमेरा होता, चालू केला की भिंग बाहेर येणारा. कंपनीचं नाव लिहीत नाही. गिरणीत आणि वखारीत खूप वापरला. वर्षाच्या आत प्रत्येक फोटोत वरच्या उजव्या कोपऱ्यात एक राखाडी ठिपका यायला लागला, एफ/8 च्या पुढे तर ठळक. भिंग आतबाहेर करताना हवा ओढली जाते, तिच्याबरोबर बारीक धूळ जाते. लेन्स निघत नाही, त्यामुळे आपल्याला सेन्सर पुसता येत नाही. पूर्ण खोलावा लागला आणि तीन आठवडे तो हाताशी नव्हता. जिथे लाकूड तासतात तिथे हा विचार सगळ्यात आधी करा.

मुक्कामपोस्ट | गुरुवार, दुपारी 2.15

व्हिडिओ काढणार असाल तर माइक जोडायची सोय बघून घ्या.

ओसरी | शुक्रवार, रात्री 11.40

चौकट, तुम्ही सांगितलं तसं केलं. 96 फोटो निघाले. 61 फोटो 20 ते 26 च्या मध्ये. 55 वर फक्त 9, आणि त्यातले 7 असे की मी दारातून आत जायला संकोचले होते. ते फोटो मला आता बघवत नाहीत, लांबून चोरून काढल्यासारखे वाटतात.

आज 23 वर पट्टी लावून शिंप्याकडे गेले. पहिला तास हात सारखा रिंगवर जात होता. मग सवयीने नाही, गरज म्हणून पुढे सरकले, मशीनच्या टेबलाला टेकून उभी राहिले. सुईत दोरा ओवताना त्यांचा अंगठा आणि ओठ एका फ्रेममध्ये आले. पन्नासने तो फोटो मला मिळाला नसता.

तर एक्स100 व्हीआय. खिसा सोडला, पर्समध्ये मावतो तेवढं पुरे. उद्या एकदा डोळ्याला लावून बघते आणि घेते. आता भुशाचं सांगा. याचं भिंग बाहेर येत नाही ना? आणि सीलिंग (धूळ-पाणी आत न जाऊ देणारी सोय) आहे असं लिहितात ते खरं का?

चौकट | शनिवार, सकाळी 6.55

भिंगाची नळी आतबाहेर होत नाही. सीलिंग आहे, पण लेन्सच्या तोंडाशी ते आपोआप नाही. पुढची रिंग काढून तिथे अ‍ॅडाप्टर रिंग लावायची आणि तिच्यावर 49 मिमीचा प्रोटेक्टर फिल्टर. दोन्ही लावल्यावरच पुढची बाजू बंद होते. कॅमेऱ्याबरोबरच घ्या, नंतर बघू म्हणू नका. सुतारकाकांच्या दुकानात जाण्याआधी फिल्टर लावलेला असू द्या, बॅटरी आणि कार्ड आत शिरण्याआधीच बदला, तिथे कॅमेऱ्याचं दार उघडू नका. आणि कॅमेऱ्याच्या अंगच्याच ऑप्टिकल फाइंडरने सुरुवात करा. त्यात चौकटीच्या बाहेरचंही दिसतं, हात चौकटीत येण्याआधीच कळतो.

काळापांढरा | शनिवार, सकाळी 7.10

याला अनुमोदन. शटरच्या आवाजाची मेन्यूतली खोटी "क्लिक" चालू असेल तर आधी बंद करा.

ओसरी | शनिवार, सकाळी 7.14

ती कुठे असते?

काळापांढरा | शनिवार, सकाळी 7.19

सेटअप मेन्यूमध्ये, साउंड सेटिंग. तिथला शटर व्हॉल्यूम शून्यावर. फोकस लागल्याचा बीपही तिथेच आहे, तोही बंद करा.