दोंडाईचाला की दोंडाईच्याला?

फलाट_तीन:
नमस्कार मंडळी. मी मूळचा रत्नागिरीकडचा. बदली होऊन नंदुरबारला एसटीच्या चौकशी खिडकीवर आलोय. दिवसभर माइकवरून गाड्या पुकारायच्या. शहादा, तळोदा, नवापूर आता तोंडात बसली, पण दोंडाईचा आलं की अडखळायला होतं. शेवटचा 'चा' षष्ठीचा प्रत्यय वाटतो आणि त्यापुढे आणखी काही जोडायला जीभ धजत नाही. मी 'दोंडाईच्याला जाणारी गाडी' म्हटलं, तर खिडकीपाशी उभ्या असलेल्या आजी म्हणाल्या, "दोंडाईचाले म्हन ना रे भाऊ!" सहकारी फळ्यावर 'दोंडाईचाला' लिहितात. शिवाय हा च 'चहा'तला की 'चाका'तला? गावाचं नाव हजार माणसं ऐकतात, ते नीट जावं असं मनापासून वाटतं.

माहेर_दोंडाईचा:
भाऊ, माझं माहेर दोंडाईच्याचं, सासर शिंदखेड्याचं आणि आयुष्य शाळेत मराठी शिकवण्यात गेलं. 'दोंडाईच्याला' बरोबर आहे, खुशाल पुकारा.

आकारान्त पुल्लिंगी नावाला प्रत्यय लागताना 'आ'चा 'या' होतो: घोडा, घोड्याला. आपल्या खानदेशात अशा गावांची रांगच आहे. चोपड्याला, पारोळ्याला, पाचोऱ्याला, सावद्याला, शहाद्याला असं सगळे बिनदिक्कत म्हणतात. मराठीने आग्र्यालाही सोडलं नाही. 'आग्र्याहून सुटका' म्हणतो, 'आग्राहून' कोणी म्हणत नाही. मग एकट्या दोंडाईच्याने काय घोडं मारलंय?

आता च. तो 'चाका'तला, 'आईचा'मधला. जिभेचं टोक दातांच्या मागे लागतं. पण 'दोंडाईच्याला' म्हणताना लक्ष द्या: 'य' जोडला गेला की तोच च टाळूकडे सरकतो आणि 'चहा'तला होतो. 'आईचा' आणि 'आईच्या' पाठोपाठ म्हणून बघा, जीभ आपोआप जागा बदलते. माइकवर दोन्हीकडे एकसारखा च लावला की नाव परकं वाटतं. देवनागरीत दोन्हींना अक्षर एकच, त्यामुळे बाहेरून आलेल्याला पाटी वाचून हे कळणं शक्य नाही. चाळीसगावचा च मात्र 'चहा'तलाच, कारण तो 'चाळीस'मधला.

'मार्गे' लावताना मूळ नाव जसंच्या तसं ठेवायचं: धुळेमार्गे, दोंडाईचामार्गे. 'धुळ्यामार्गे' आपण म्हणत नाही. आणि 'दोंडाईच्याचा' हे तोतरं वाटतं म्हणून लोक 'दोंडाईचा येथील' असा वळसा घेतात, तो मला पटत नाही. 'दोंडाईच्याची मिरची' किती सरळ आहे! राहणारा तो दोंडाईचेकर, जसा पारोळेकर, सावदेकर. नगरपरिषदेच्या कागदावर 'दोंडाईचा-वरवाडे' असं जोडनाव दिसेल. गाडी पुकारताना वरवाड्याची गरज नाही.

पांझराकाठ:
बाईंचं व्याकरण मान्य, पण आजींनाही चूक म्हणू नका. त्या अहिराणी बोलल्या आणि अहिराणीत तेच शुद्ध. आमच्याकडे 'ला'च्या जागी 'ले' येतो आणि त्याआधी 'आ'चा 'या' होत नाही. "कथा चालना भाऊ?" "दोंडाईचाले." पारोळ्याला म्हणजे पारोयाले, कारण ळ चा य होतो: जळगावचं जयगाव, धुळ्याचं धुये. फळ्यावरचा 'दोंडाईचाला' त्यातूनच आलाय. साचा अहिराणीचा, प्रत्यय तेवढा मराठीचा.

तुम्हाला खटकणारा 'चा' आम्हाला खटकत नाही, त्याचंही कारण सांगतो. अहिराणीत षष्ठी ना-नी-नं ने होते. 'दोंडाईचानी मिरची', 'दोंडाईचाना बजार'. 'चा' हा प्रत्ययच नसल्यामुळे तो गावाच्या नावाचा भाग म्हणूनच कानावर पडतो. ब्रिटिशकालीन भाषातज्ज्ञ ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणात खानदेशी, म्हणजे आमची अहिराणी, १९०७ साली भिली भाषांच्या खंडात घातली गेली, मराठीच्या नाही. त्या वर्गीकरणावर वाद घाला हवा तर, पण अहिराणीला स्वतःची विभक्ती आहे, ती मोडकी मराठी नाही. आमच्या आज्या आयुष्यभर शाळेत, कचेरीत हसू झेलत आल्या, म्हणून एवढं लिहिलं.

उपसंपादक_रात्रपाळी:
मथळ्यात आम्ही 'दोंडाईचात' छापतो. नाव अखंड दिसलं की वाचकाची नजर थांबते. बोलताना मीही 'दोंडाईच्यात'च म्हणतो.

फलाट_तीन:
ठरलं. माइकवर 'दोंडाईच्याला', आणि आजी खिडकीशी आल्या की 'दोंडाईचाले'. बाई, आणखी एक: शिंदखेडा की सिंदखेडा? रोमन पाटी 'स' वाचायला लावते.

माहेर_दोंडाईचा:
शिंदखेडा, 'श'नेच, आणि शिंदखेड्याला. 'स'चं ते जिजाऊंचं सिंदखेडराजा, बुलढाणा जिल्ह्यातलं. दोन्हीकडचा प्रवासी एकाच फलाटावर येऊ शकतो, तेव्हा श-स स्पष्ट काढा.