मदत हवी आहे – तिसरीच्या मुलांना गोष्टी-कविता मोबाईल, टीव्हीवरून कशा शिकवायच्या?

नमस्कार मंडळी, मी झेडपीच्या शाळेत तिसरीला शिकवते, वर्गात २२ मुलं, लोकवर्गणीतून आलेला एक टीव्ही आणि माझा मोबाईल एवढंच आहे, नेटला रेंज कधी असते कधी नसते. बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड स्कॅन करून दीक्षा ॲपवर व्हिडिओ दाखवते, प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवरून मराठी गोष्टी घरूनच डाउनलोड करून नेते, त्या फुकट आहेत आणि चित्रं पण छान असतात.

अडचण अशी की व्हिडिओ आधी दाखवला की पोरं पुस्तक उघडतच नाहीत. मागच्या आठवड्यात पावसाची कविता दाखवली, नंतर चित्र काढायला सांगितलं तर सगळ्यांच्या वहीत तीच स्क्रीनवरची लाल छत्री! मग दुसरी कविता नुसती माझ्या आवाजात रेकॉर्ड करून डोळे मिटून ऐकवली, तर एकाने गळकं छप्पर अन् खाली पातेलं काढलं, मला फार भरून आलं.

तर व्हिडिओ वाचनाआधी दाखवावा की नंतर, तुमचा अनुभव काय? आणि मुलांची चित्रं नि त्यांचाच आवाज जोडून गोष्ट बनवता येईल असं नेटशिवाय चालणारं, फुकट, साधं ॲप कोणी वापरलंय का? प्लीज सांगा, सोमवारपासून नवीन धडा घ्यायचाय.